भिंतीपलीकडचा गोल

वर्ल्ड कपच्या त्या महिन्यात अख्खी दुबई मजेत होती आणि मी भीतीने अर्धी झाले होते. स्पर्धा शेजारच्या देशात, विमानाने तासाभराच्या अंतरावर. सकाळी जायचं, मॅच बघायची आणि रात्री परत घरी, असं करणारे लोक आमच्या ऑफिसातच होते. गळ्यात कार्ड, गालावर रंग, डोळ्यांत झोप, अशा अवस्थेत ते दुसऱ्या दिवशी कामावर यायचे आणि मी त्यांना तोंडदेखलं हसायचे. माझ्या नवऱ्यालाही जायचं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, हॉटेलात बँक्वेटची ड्यूटी चालू असताना त्याला हार्ट अटॅक आला होता. स्टेंट घालून तो घरी आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "एक्साइटमेंट अव्हॉइड कीजिए."

"डॉक्टर, इस साल वर्ल्ड कप है," हा म्हणाला.

डॉक्टर हसले. तोही हसला. मला त्या दोघांचाही राग आला.

आम्ही वसईचे. आमच्याकडे चर्चच्या मैदानावर गावागावांच्या मॅचेस होतात, भांडणं होतात, सोयरिकीही तिथेच ठरतात. वर्ल्ड कप आला की प्रत्येक आळीत पिवळे-हिरवे झेंडे लागतात. ब्राझील कुठे आहे हे नकाशावर धड दाखवता न येणारी माणसंसुद्धा ब्राझीलसाठी उपास धरतात. माझा नवरा त्यातलाच. लग्नात त्याने सुटाच्या आत पिवळी जर्सी घातली होती, हे मला नंतर कळलं. फादरना कळलं असतं तर तिथेच गोंधळ झाला असता. अशा माणसाला शांतपणे मॅच बघ म्हणणं म्हणजे आपलंच तोंड दुखवून घेणं.

म्हणून मी अट घातली. जायचं नाही, मोठ्या पडद्यावर मॅच दाखवतात त्या फॅन झोनमध्येही नाही. घरी सोफ्यावर, माझ्या शेजारी बसून बघायची. त्याने ऐकलं, कारण घाबरलेल्या बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तो एव्हाना शिकला होता. मॅच सुरू झाली की मी जिभेखाली ठेवायची गोळी स्ट्रिपमधून काढून मुठीत धरून बसायचे. गोल झाला की तो उडी मारणार, गोल खाल्ला की छातीला हात लावणार, आणि दोन्ही वेळा माझा जीव जाणार. याला काही झालं तर वसईला सासूबाईंना फोन कोण करणार, इथपर्यंत माझा विचार जायचा. आमचा व्हिसा त्याच्या व्हिसावर, मुलीची शाळा त्याच्या नोकरीवर. पण खरं सांगायचं तर व्हिसा वगैरे मी स्वतःलाच सांगायचे. मला तो हवा होता, बस.

आम्ही इंटरनॅशनल सिटीत राहतो, तिथे वस्त्यांना देशांची नावं आहेत, आमची इंग्लंड क्लस्टर. भिंती पातळ. शेजारच्या घरात कोण शिंकलं हेही कळतं. शेजारी केरळचं जोडपं. तो डिलिव्हरी व्हॅन चालवायचा, ती घरीच असायची. तो अर्जेंटिनावाला. म्हणजे लिफ्टमध्ये दोघं भेटले की सुरू.

"भाई, ब्राझील का रिटर्न टिकट बुक किया?"

"हबीबी, पहले अपना देखो. इन्शाल्ला क्वार्टर में खलास."

त्यांचा अर्जेंटिना पहिल्याच मॅचला सौदीकडून हरला, तेव्हा माझ्या नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये नाच केला. मी त्याला कॉलर धरून आत आणलं.

याच शेजाऱ्यांमुळे मला एक उपाय सापडला. त्यांच्याकडे चॅनेलचं रीतसर कनेक्शन होतं. आमच्याकडे एका ओळखीच्याने बसवून दिलेला इंटरनेटचा बॉक्स होता, आणि तो मागे चालायचा. तिकडे गोल होऊन गेलेला असायचा आणि आमच्या टीव्हीवर खेळाडू अजून पास देत असायचे. पहिल्या दोन मॅचमध्ये मी चिडले. मग एकदा भिंतीपलीकडे ओरडा झाला आणि मला कळलं की आता काय होणार आहे ते मला आधी कळतंय. त्या तेवढ्या वेळात मी तयारी करू शकत होते. पाण्याचा ग्लास जवळ ओढायचा, पाय त्याच्या पायाला लावायचा, मूठ उघडायची. शेजारी अर्जेंटिनावाले असल्यामुळे हिशोबही सोपा होता. ब्राझीलच्या मॅचला तिकडून आनंदाचा ओरडा आला की आमच्याकडे संकट येतंय असं समजायचं. नवऱ्याला मी यातलं काही बोलले नाही. मजा घालवलीस म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

क्वार्टर फायनलचा शुक्रवार. संध्याकाळी ब्राझील आणि क्रोएशिया, नंतर त्याच रात्री अर्जेंटिनाची मॅच. दुपारी चर्चला मिस्साला गेलो होतो तेव्हा मी मेणबत्ती लावली. नवऱ्याला वाटलं ब्राझीलसाठी. घरी आल्यावर तो पिवळी जर्सी घालून बसला. मुलगी तेरा वर्षांची, तिला फुटबॉलपेक्षा माझं भिणं बघण्यात जास्त रस.

"मम्मा, यू आर स्वेटिंग. इट्स ओन्ली अ गेम," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी गेम. गप्प बस," मी म्हटलं.

पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफमध्ये ब्राझील तुटून पडलं. चेंडू गोलपर्यंत जायचा आणि त्यांचा गोलकीपर तो अडवायचा. दर वेळी नवरा सोफ्यावरून अर्धा उठायचा आणि मी त्याची जर्सी मागून ओढायचे. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता. एसी चालू होता. मी नमो मरियेची प्रार्थना मनात सुरू केली, मध्येच विसरले, परत पहिल्यापासून सुरू केली.

आणि भिंतीपलीकडे शेजारीण किंचाळली.

क्रोएशियाचा गोल. दुसरं काय असणार? अर्जेंटिनाच्या गोलला ती अशीच किंचाळायची. मी ग्लास जवळ घेतला, त्याला खेटून बसले आणि त्याचं मनगट धरलं. बोटांना नाडी लागत होती.

"काय गं, आज एवढं प्रेम?" तो म्हणाला. डोळे टीव्हीवरच.

"बघ तू मॅच."

टीव्हीवर चेंडू बाहेर गेला. थ्रो-इन झाला. क्रोएशियावाले आपल्याच अर्ध्यात एकमेकांना पास देत राहिले. मी वाट बघत होते. एक लांब पास आला की मला वाटायचं, हाच. तो ब्राझीलच्या खेळाडूने हेडरने परतवला. मग वाटलं, आज बॉक्स जास्तच मागे आहे. मी त्याच्या नाडीवरचं बोट हलू दिलं नाही. गोलकीपरने चेंडू उचलला, लांब लाथाडला. गोल येतच नव्हता.

नवरा एकदम माझ्याकडे वळला. "गोल कुठाय?"

"कुठला गोल?"

"तू भिंतीला कान लावून बसतेस ते मला दिसत नाही का? पहिल्या आठवड्यापासून माहितीय मला. ती ओरडली. मग गोल कुठाय?"

मी त्याचं मनगट सोडलं. तेवढ्यात ती पुन्हा किंचाळली, आणि या वेळी त्यात शब्द होता. "चेट्टा! चेट्टा!" त्यांच्यात बायको नवऱ्याला अशी हाक मारते. आमचं दार कोणीतरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं.

मी दार उघडलं. ती गाऊनवर, अनवाणी. "दीदी, गिर गया, उठता नहीं, प्लीज, प्लीज."

तो त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर आडवा पडला होता. निळी-पांढरी जर्सी आत्तापासूनच घातलेली, त्याची मॅच रात्री होती. तोंड उघडं. चेहऱ्याचा रंग असा की मला तो रंग आधीपासून माहीत होता. रोज रात्री डोळे मिटले की नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी तोच रंग बघत होते.

माझ्या ऑफिसात मागे सेफ्टी ट्रेनिंग झालं होतं. फर्स्ट एडसाठी नावं द्या म्हणून एचआरवाली मेलवर मेल टाकत होती, कोणी देत नव्हतं. मी दिलं. रबरी पुतळ्याच्या छातीवर मी इतकं दाबलं की ट्रेनरने मला थांबवलं. मी तो पुतळा समजून दाबतच नव्हते. ते सगळं शिक्षण मी एका माणसासाठी घेतलं होतं आणि तो माझ्या मागे धडधाकट उभा होता.

मी गुडघ्यावर बसले. हाक मारली, श्वास बघितला. नव्हता. हातावर हात ठेवून दाबायला लागले. "एक, दोन, तीन," मोठ्याने, मराठीत. मुलीला ओरडले, "अँब्युलन्स!" ती फोन घेऊन बाहेर पळाली. तिचं इंग्रजी कधी नव्हे ते त्या दिवशी मला गोड लागलं. क्लस्टर, बिल्डिंग, मजला, सगळं तिने नीट सांगितलं आणि लिफ्ट धरायला खाली गेली.

नवरा पुढे झाला. "सरक, मी करतो. दमशील तू."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीणही दचकली. "तू लावलास तर मला इथे दोघांना दाबावं लागेल. जा तिकडे, उभा राहा!"

तो दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. मी दाबत होते. टीव्ही चालूच होता, कॉमेंट्री, गर्दीचा आवाज, मध्येच मोठी गर्जना. मी एकदा मान वर केली. मला वाटलं त्याची नजर टीव्हीवर असेल. ब्राझीलची क्वार्टर फायनल चालू होती आणि टीव्ही त्याच्या समोर होता. तो माझ्या हातांकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या महिन्यांत, अटॅक आला त्या दिवशीसुद्धा, मी त्याला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तो घाबरत नाही म्हणूनच तर दोघांच्या वाट्याचं मी एकटी घाबरत आले होते.

अँब्युलन्सवाले आले. माझ्या हातांत जीव उरला नव्हता. त्यांनी मला बाजूला केलं, मशीन लावलं, शॉक दिला, परत दिला. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "यल्ला, यल्ला, वी हॅव पल्स." स्ट्रेचर गेलं, शेजारीण मागे गेली. मी तिच्या चपला घेऊन लिफ्टपर्यंत धावले आणि तिच्या पायांत घातल्या.

आम्ही घरी आलो तेव्हा टीव्हीवर पिवळ्या जर्सीतली माणसं मैदानात बसून रडत होती. पेनल्टीवर हरले होते. नवऱ्याने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. माझ्या मुठीतली गोळी कधीच कुठेतरी पडून गेली होती.

शेजारी वाचला. त्यालाही स्टेंट बसला. काही दिवसांनी तो घरी आला आणि शेजारणीने आम्हाला पायसम, म्हणजे त्यांच्याकडची खीर, आणून दिलं, रडली, माझे हात हातात घेऊन कपाळाला लावले. मला फार अवघड झालं. माझी भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. आता नवऱ्याचीही सुरू झाली. तो जिना टाळायला लागला. रात्री उठून स्वतःची नाडी बघायचा. मला हसवायचं सोडून दिलं त्याने, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

फायनलच्या दिवशी दुपारपासून खाली गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. लोक झेंडे घेऊन फॅन झोनला निघाले होते. नवऱ्याने टीव्ही लावला नाही. बेडरूममधून उशी आणली, हॉलमध्ये कार्पेटवर टाकली आणि म्हणाला, "मला शिकव."

"तुला कशाला? तू पेशंट आहेस."

"त्या दिवशी ती बाई धावत आली, तिला तू मिळालीस," तो म्हणाला. "इथे तू पडलीस तर मी कोणाचं दार बडवू?"

इतके महिने मी त्याची छाती सांभाळत होते, माझ्याही छातीत काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या आलं होतं. मी खाली बसले. हात कुठे ठेवायचे, कोपर कसं सरळ धरायचं, ते दाखवलं. तो दाबायला लागला. थोड्याच वेळात त्याला धाप लागली. मी बस म्हटलं, त्याने ऐकलं नाही. मी त्याचे दोन्ही हात धरले तेव्हा कुठे तो थांबला. त्याच्याने ते होणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

मुलगी तिच्या खोलीच्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"पपा, मूव्ह," ती म्हणाली. "आय विल डू इट."

ती त्याच्या जागी बसली. केस बांधले, हातावर हात ठेवला, कोपर सरळ केलं. तिला सगळं बरोबर जमलं, त्या दिवशी तिने नीट पाहिलेलं असणार.

"हाउ हार्ड, मम्मा?"

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. तिला खोटं सांगून चालणार नव्हतं, म्हणून मी ते तसंच सांगितलं. तिने आधी पपाच्या छातीकडे पाहिलं, मग माझ्या. मग उशीवरून हात काढून घेतले, आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना.