संपलं म्हणून सांगितलेलं कालवण

पुरिंगची खानावळ मेलेल्यांच्या जिवावर चालते, असं पोतोतान गावात सगळेच म्हणत, आणि ती स्वतः तर सगळ्यांच्या आधी म्हणे. रस्त्याच्या पलीकडे मयत ठेवायचं दालन होतं. तिथे पेटी आली की पाच-सहा दिवस माणसांची ये-जा असायची. मयताला भेटून थेट घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी टेकायचं, नाहीतर गेलेला जीव मागोमाग घरात शिरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेकायला सगळ्यात जवळ काय, तर पुरिंगची बाकडी. लोक येत, दारात पाय झटकत, भात-कालवण खात आणि हलके होऊन घरी जात. "भुतं सगळी माझ्याकडे ठेवून जाता," ती म्हणायची, "एकाने तरी भांडी घासली असती."

या चार दिवसांत मात्र तिने हा विनोद एकदाही केला नव्हता. पलीकडच्या पेटीत तिची थोरली बहीण एस्तेला होती.

खानावळ आईची. आईच्या माघारी एस्तेला चुलीशी आणि पुरिंग वाढायला, अशी दोघींनी ती बावीस वर्षं ओढली. काळे तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस यांचं आंबट कालवण खावं तर एस्तेलाच्या हातचं, असं इलोइलो शहरापर्यंत बोललं जाई. लग्नाचं नाव दोघींनीही काढलं नाही. मग सेहेचाळिसाव्या वर्षी एस्तेलाने ते काढलं. शेजारच्या गावचा एक तीनचाकीवाला, बायको गेलेली, पदरात एक मुलगी.

पुरिंगने त्या दिवशी बोलू नये ते बोलून घेतलं. या वयात बोहल्यावर चढायची लाज नाही वाटत का, आईची चूल एका तीनचाकीवाल्यासाठी विझवणार का, आणि जायचंच असेल तर परत या उंबऱ्याला पाय लावू नकोस. एस्तेला रडत गेली. पुरिंग मागे एकटी राहिली, रागाच्या जोरावर कालवण शिकली, आणि चांगलं शिकली.

दोन वर्षांनी एका दुपारी एस्तेला आली. घरच्यासारखी मागच्या दाराने नाही, गिऱ्हाइकासारखी पुढून. ओळीत उभी राहिली, नंबर आल्यावर हळूच म्हणाली, "दाण्याचं कालवण आहे का गं?"

"संपलं," पुरिंग म्हणाली.

खानावळीत पातेली पुढ्यातच मांडलेली असतात आणि झाकण उचलून बघायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. एस्तेलाने झाकण उचललं. पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, वर फणसाचे तुकडे तरंगत होते. तिने क्षणभर वाफ तोंडावर घेतली, झाकण जागेवर ठेवलं आणि जुन्या सवयीने त्याचा काठ अंगठ्याने पुसून घेतला.

"खरंच की," ती म्हणाली, "संपलंय." आणि गेली.

सहा वर्षं झाली त्याला. खाई त्याला खवखवे म्हणतात. पुरिंगला न वाढल्याची खवखव होती. रोज सकाळी त्या पातेल्यावर झाकण ठेवताना तिला तो अंगठा दिसायचा. तीनचाकीने वीस मिनिटांवर बहिणीचं घर होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, नाताळला जाऊ करत ती गेली नाही. आधी राग होता म्हणून, आणि राग ओसरल्यावर लाज वाटायला लागली म्हणून. लाजेचं हे असं असतं, जितकी शिळी तितकी जड.

आता तर रस्ता ओलांडायचा होता फक्त, पंधरा पावलं. तरी पाय निघत नव्हता. खानावळ बंद ठेवली तर भेटायला येणाऱ्यांनी टेकायचं कुठे, असं तिने पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, तरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं पातेलं चढवलं. बहिणीचं मयत बघून आलेली माणसं तिच्याच बाकड्यांवर बसून तिचंच कालवण ओरपत होती. दोदोय नावाचा गावातलाच एक तीनचाकीवाला बोटं चाटत म्हणाला, "मानांग पुरिंग, चव अगदी मानांग एस्तेलाच्या हातची." त्याने चांगल्या मनाने म्हटलं असेल. मानांग म्हणजे थोरली बहीण, पण गावात थोरल्या बाईला सगळेच मानांग म्हणतात. पुरिंगने मात्र जन्मभरात हा शब्द एकीलाच मनापासून लावला होता. ती आत जाऊन उगीच कांदे चिरत बसली, म्हणजे डोळ्यांना निमित्त झालं.

चौथ्या दिवशी दुपारी जोवेलिन आली, एस्तेलाची सावत्र मुलगी. उद्या सकाळी दफन होतं. पुरिंगला वाटलं, आता ही पोरगी चारचौघांत आपली खरडपट्टी काढणार, आणि काढली तर बरंच होईल. पोरगी पातेल्यांसमोर उभी राहिली, झाकणाला हातही न लावता. मावशीला तिथे म्हणतात तसं तिने तिया म्हणून हाक मारली.

"तिया पुरिंग, थोडं दाण्याचं कालवण मिळेल का? आईला फार आवडायचं इथलं."

"इथलं? तिने कुठे खाल्लं इथलं?" पुरिंगच्या तोंडून निसटलं.

"नाही ना खाल्लं. मागे एकदा आली होती खास, पण उशीर झाला, संपलं होतं म्हणाली. वास मात्र घेतला म्हणे. बाबांना म्हणाली, माझ्यापेक्षा धाकटीला छान जमलंय. शेवटी शेवटी गिळवत नव्हतं, तेव्हाही म्हणायची, बरी झाले की लवकर निघू, म्हणजे मिळेल."

खोटं पुरिंगचं, आणि सहा वर्षं ते सांभाळलं एस्तेलाने, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यापाशी. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवेना. तिने पोरीला वाडगा भरून दिला, दोदोयला सांगितलं, "जरा बघ रे इथलं, कुणाला लागलं तर वाढ," आणि अंगावरच्या मळक्या झग्यानिशी रस्ता ओलांडला.

पेटीच्या काचेखाली एस्तेला बारीक झाली होती, पण तो उजवा अंगठा तोच, चुलीच्या चटक्याचा डाग असलेला. पेटीवर आसू पडू द्यायचे नसतात, म्हणून पुरिंगने मान मागे घेतली आणि रडली. बोलायचं होतं ते एवढंच निघालं, "भरलेलं होतं गं, मानांग." पण हे तर एस्तेलाला तेव्हाच माहीत होतं. मग तिला कळेना, माफी मागायची ती कशाची आणि ऐकणार कोण.

ती निघाली तेव्हा जोवेलिन जागची उठली नाही. मयताकडच्यांनी पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं नसतं. पुरिंग एकटीच बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला थांबली.

समोर तिचीच खानावळ, वरच्या माळ्यावर तिचं घर. दोदोयने दारातून हात केला, "मानांग, सरळ येऊ नका, आधी बाजारात एक चक्कर मारून या!" बाकड्यांवरची माणसंही मान डोलावत होती. जन्मभर दुसऱ्यांना तिने हेच सांगितलं होतं.

पुरिंग सरळ आली. मधे कुठे टेकली नाही, मागे वळून पाहिलं नाही, दारात पाय झटकले नाहीत. उलट आत शिरताना कडेला सरकून उभी राहिली, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी. दोदोयने क्रूसाची खूण केली आणि खाली बघत जेवू लागला.

पुरिंगने दाण्याच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. तळाला फणसाचा एक धागा चिकटला होता. भेटायला आलेल्यांनी शेवटचा डाव वाढून घेतला होता.

तिने पातेलं घासलं, तूर धुतली, पाणी घातलं, विस्तव पेटवला.

"बस, मानांग," ती चुलीकडे बघत म्हणाली, "वेळ लागेल जरा."

दाणे शिजायला दोन तास लागले, आणि तेवढ्या वेळात तिने पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं नाही.