कॅबिनेटमधली घोंगडी

सांगलीच्या विश्रामबागेत स्पीकर दुरुस्त करणारे चार-पाच जण आहेत, पण त्या सगळ्यांनी हात टेकले की मग माणूस नाथाजीकडे येतो. साठी गाठली तरी त्याचा कान शाबूत आहे. बोटाच्या पेराने खोकं वाजवून आत काय बिनसलंय ते सांगेल. बोलायला मात्र फटकळ, आणि स्वतःविषयी विचारलं तर मुका. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा आवाजाच्या धंद्यात नावारूपाला कसा आला, हे त्याने कुणालाच धड सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

यंदा थंडी सरता सरता पाचगणीहून अबोली नावाची संगीतशिक्षिका एक जुनं विलायती गिटार कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेलं लाकडी खोकं, गाडीत घालून आली. साताऱ्यातल्या बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून तिने ते घेतलं होतं. पुढे चार स्पीकर, मागची बाजू फळीने पूर्ण बंद.

"आवाज फार दबका येतो, काका," ती म्हणाली. "आणि हसू नका, पण मी वाजवायचं थांबवते, वायर काढते, तरी आत कुणीतरी बोलत असतं. तोंडावर कापड धरून बोलल्यासारखं."

नाथाजी हसला नाही. कोपऱ्यावरचा टवका त्याच्याच पटाशीने उडालेला होता.

अडतीस वर्षांपूर्वी हेच कॅबिनेट त्याच्याकडे आलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बंद पाठीच्या कॅबिनेटला आतून अस्तर लागतं, नाहीतर आवाज आतल्या आत आपटत राहतो. आतलं ग्लासवूलचं अस्तर भुगा होऊन गेलं होतं, सांगलीत नवं मिळेना, आणि ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला. घरात बाची घोंगडी होती. बा जाऊन बारा दिवस झाले होते. त्यांच्या घरची रीत अशी, की गेलेल्याची घोंगडी कोंडायची नाही. माळावर नेऊन उघड्यावर सोडायची, म्हणजे माणूस मोकळा होतो. आईने, हरणाबाईने, ती विश्वासाने नाथाजीच्या हाती दिली. त्याने माळ गाठलाच नाही. चार तुकडे केले आणि कॅबिनेटात आतून ठोकले. आवाज असा बांधीव झाला, की तिथून त्याच्याकडे कामाची रीघ लागली. आईला त्याने सांगितलं, सोडली.

हरणाबाई आता नव्वदीला टेकलेली. दुकानामागच्या खोलीत दोन वर्षं खाटेला खिळून होती. सुटका मागायची, ती होत नव्हती. वरचेवर म्हणायची, "नाथा, तुजा बा हाक मारतुया रं. पर घोंगडं त्वांडावर घिऊन बोलल्यावानी. कुठनं येतुया त्येच उमगंना. उमगलं आस्तं तर कवाच गेली आस्ती मी."

नाथाजी नुसतं हूं करून दुकानात निघून यायचा. म्हातारपणाचा भ्रम, दुसरं काय, असं स्वतःला बजावायचा.

अबोली गेल्यावर त्याने मागची फळी उघडली. घोंगडीला कसर लागली नव्हती. पहिला तुकडा ओढला तर हाताला ऊब लागली, आत्ताच कुणी पाठीवरून उतरवून ठेवली असावी तशी. तंबाखूचा वास आला. दुसरा निघाला, तिसरा निघाला, आणि मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"नाथा, आज लय जवळनं आला बग."

त्याचा हात चौथ्या तुकड्यावर थांबला. हाक दबलेली होती म्हणून आईला वाट सापडत नव्हती. चौथा तुकडा निघाला की सापडेल. आणि सापडली की ती जाईल.

हातोडी घेऊन त्याने तिन्ही तुकडे होते तिथे पुन्हा ठोकले, फळी बसवली, सगळे स्क्रू आवळले. अबोलीला फोन करून सांगितलं, "न्हाई जमायचं, घिऊन जावा." मग आईला चहा द्यायला गेला. हरणाबाई भिंतीकडे तोंड करून रडत होती. नवरा गेला तेव्हाही ती रडली नव्हती.

"परत दबला रं," ती म्हणाली.

चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेली बाई. आता कूस बदलायलाही तिला दुसऱ्याचा हात लागायचा. नाथाजीला स्वतःची मनस्वी लाज वाटली. धंद्यासाठी त्याने बापाला कोंडलं होतं, आणि आता स्वतःसाठी आईला कोंडायला निघाला होता. तो खाटेशी बसला.

"आये, घोंगडी म्या सोडली न्हाई. कापली. खोक्यात हाय."

तिने मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "किती तुकडं केलंस?"

"चार."

"आण."

त्याने आणले. तिच्या छातीपासून पावलांपर्यंत एकेक पांघरला. चौथा ठेवला आणि या खेपेला त्यालाही ऐकू आलं. भिंतीपलीकडे, वायर नसलेल्या रिकाम्या कॅबिनेटातून, लांब, मोकळी हाक. उन्हं कलली की मेंढरं घराकडं वळवताना बा द्यायचा तीच.

हरणाबाई उठून बसली. कुणाचा हात न धरता तिने पाय खाटेखाली सोडले.

"आता उमगलं," ती म्हणाली. "माजं पायताण कुठं हाय रं?"

ते खाटेखालीच होतं, दोन वर्षं धूळ खात पडलेलं. नाथाजी खाली वाकला, सदऱ्याच्या टोकाने पायताण पुसलं, आणि रडत रडत तिच्या पायांत घातलं.