दादाच्या गाडीची तिसरी किक

हे लिहू की नको, असं करता करता तीन महिने गेले. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... आज आहे का, तेही ठामपणे सांगता येत नाही. आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, अंगात येणं नाही, दृष्ट काढणंसुद्धा नाही. दादा गेला तेव्हा पिंड, कावळा काही केलं नाही. वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, एवढंच. शिवाय मी शिरूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. कॉलेजला जाणारी घरातली पहिलीच. त्यामुळे काही सांगायचं तर आधी दहादा विचार करते.

आमचं घर निमोण्यात, गावाच्या जरा बाहेर. घराला लागून पत्र्याचं शेड आहे, तिथे दादाची डर्ट बाईक असायची. फोर-स्ट्रोक, बटणस्टार्ट नाही, फक्त किक. दौंडच्या रफिकमामांच्या गॅरेजमधून त्याने ती जुनी घेतली होती. आठवडाभर एमआयडीसीत शिफ्ट करायची आणि रविवारी सकाळी गाडी घेऊन मुरमाच्या खाणीत उड्या मारायच्या, हा त्याचा नेम. पण गाडी महाहट्टी. गावातली दांडगी पोरं किक मारून घामाघूम व्हायची, एकाच्या तर नडगीवर किक उलटी बसली होती. दादा हसून म्हणायचा, "तिला जोर न्हाई लागत, सबुरी लागती."

त्याची पद्धत ठरलेली होती. चोक ओढायचा. किक पायाने सावकाश खाली न्यायची. एका जागी ती कडक होते, कारण आत हवा दाबली जात असते. त्या जागेच्या किंचित पुढे जायचं, किक परत वर येऊ द्यायची, आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. रेस मात्र अजिबात द्यायची नाही. रेस दिली की पेट्रोल जास्त जातं, प्लग ओला होतो, ठिणगी पडत नाही, गाडी ओव्हरफ्लो.

मला हे सगळं पाठ होतं. तरी मागच्या वर्षी एका रविवारी, तो अंघोळीला गेला असताना, मी त्याला चकित करायला गेले... आणि रेस दिली. स्कूटीला देतो तशी, सवयीने. सात-आठ किका मारल्या. पेट्रोलचा वास सुटला तशी मी घाबरले आणि गुपचूप आत जाऊन पुस्तक घेऊन बसले.

नंतर दादा कितीतरी वेळ शेडमध्ये खटपट करत होता. मी बाहेर गेले नाही. शेवटी आईला ओरडून सांगितलं, दौंडला रफिकमामांकडे जाऊन येतो, आणि मित्राच्या गाडीवर मागे बसून गेला. येताना वळणावर ट्रकने उडवलं. मित्राचा पाय मोडला. दादा जागेवरच गेला.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, गाडीने दगा दिला. पप्पाही तेच म्हणायचे. मी मान हलवायचे. गाडीने नाही, मी... हे वर्षभर कुणाला सांगितलं नाही. त्या गाडीला हातही लावला नाही.

वर्ष झालं तेव्हा पप्पांनी ठरवलं, गाडी रफिकमामांना परत देऊन टाकायची. ते सकाळी दहाला टेम्पो घेऊन येणार होते. साडेआठच्या सुमारास मी शेडमध्ये गेले. मला एवढंच वाटत होतं, जायच्या आधी एकदा तरी तिला नीट चालू करावं. दादाने सांगितलं तसं.

सीटवर धूळ होती. गाडी हलवली तर टाकीच्या तळाला थोडं पेट्रोल डुचमळलं. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला. किक सावकाश खाली नेली. कडक लागली. अगदी स्पष्ट, पायाखाली कुणी तळवा धरावा तशी. जरासं पुढे गेले, किक वर सोडली, मारली. काही नाही. दुसरी मारली. नाही. मग चुकूनही रेस जाऊ नये म्हणून मी उजवा हात हँडलवरून काढलाच, टाकीवर ठेवला, परत ती जागा शोधली आणि तिसरी मारली.

गाडी चालू झाली.

तोच आवाज, धडधड, पत्रे हलवणारा. मी रडत होते बहुतेक. आणि आतून, भाकरी थापता थापता, आई ओरडली, "हेल्मेट घाल रे, बाळा."

दादाची गाडी चालू झाली की ती असंच ओरडायची; वर्षभर मात्र असं काही बोलली नव्हती. मग भाकरी थापण्याचा आवाज थांबला. गाडीही आपोआप बंद पडली.

पप्पा एका गालावर साबण तसाच ठेवून धावत आले. माझ्याकडे बघितलं नाही. खाली वाकून टाकीखालची वायर वर उचलली. तिच्या टोकाची टोपी मोकळीच लोंबत होती. इंजिनवर प्लगच्या जागी भोक, आणि त्यात दादाच्या जुन्या निळ्या बनियनची चिंधी कोंबलेली.

पप्पा आत जाऊन पत्र्याची डबी घेऊन आले. दादाच्या खिशातून निघालेल्या वस्तू त्यात ठेवल्या होत्या. एक काळा पडलेला प्लग, दौंडला नमुना म्हणून नेलेला. एक नवा, पाकीट न फोडलेला.

"किक कडक लागली तुला?" पप्पांनी विचारलं.

मी हो म्हणाले. प्लग नसला तर ती कडक लागूच शकत नाही, हवा भोकातून निघून जाते. हे मलाही कळत होतं, त्यांनाही. त्यांनी इंजिनवर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. गरम होतं. मग परत ठेवला, आणि निवेपर्यंत काढला नाही.

तेव्हा मी सांगून टाकलं. रेस मी दिली होती. प्लग माझ्यामुळे ओला झाला.

पप्पांनी तो काळा प्लग डबीत परत ठेवला. मग म्हणाले, "जाताना त्यो मला म्हणला, पप्पा, माझ्याच हातनं ओव्हरफ्लो झाली, घरात कुणाला बोलू नका."

म्हणजे दादाला कळलं होतं. आणि त्याने ते स्वतःवर घेतलं होतं.

रफिकमामा आले. चिंधी काढून आत बघितलं, म्हणाले, बेटा, ही गाडी चालूच शकत नाही. आईही दारात येऊन उभी होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पप्पांनी टेम्पो रिकामाच परत पाठवला. जाण्याआधी मामांनी पाकीट फोडून तो नवा प्लग बसवून दिला.

मी फिजिक्सच्या सगळ्या बाजूंनी विचार केला. भास म्हणावा तर तिघांना एकदम कसा झाला, आणि इंजिन कशाने तापलं?

आता रविवारी सकाळी मी गाडी काढते. कधी बारा किका लागतात, कधी वीस. तिसऱ्या किकला ती परत कधी चालू झाली नाही. रेस मी देत नाही. चालू झाली की आतून आई ओरडते, "हेल्मेट घाल, पोरी."