साडेआठचे दोन ठोके

जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीत मष्णू गावडे नावाचा माणूस एकतीस वर्षं पाऊस मोजत होता. शेतीभाती होती, चार म्हशी होत्या, पण कुणी 'काय करता' म्हणून विचारलं की तो आधी पावसाचं सांगायचा. टेकडीवर पूर्वीच्या शाळेच्या मागं एक चौथरा होता आणि त्यावर पाऊस साठवायचं पत्र्याचं भांडं. रोज सकाळी बरोबर साडेआठला मष्णू तिथं जायचा, भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, डोळा मापाच्या रेघेला लावायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पाऊस असो नसो, आकडा लिहायचाच. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने शून्य लिहायला सुद्धा तो टेकडी चढायचा. बायको जयाबाई चिडून म्हणायची, "आभाळात ढग न्हाय आनि तुमी शून्य आनाय निघालाय व्हय!"

एकदा त्याला टायफॉइड झाला तेव्हा शेजारची शालूबाई म्हणाली होती, आमचे हे अंदाजानं लिहून टाकतील. मष्णूनं तापातही हात जोडले. त्या नऊ दिवसांपुढं वहीत एकच वाक्य आहे, 'वाचन घेतले नाही.' खोटा पाऊस लिहिण्यापेक्षा कोरा दिवस बरा, असं त्याचं मत होतं.

सूरज हा त्याचा मुलगा. लहानपणी तोही बापामागं टेकडी चढायचा, म्हणूनच की काय कोण जाणे, शिकून बेळगावात नोकरीला लागला तोही पावसाच्याच धंद्यात. धंदा म्हणजे कंप्युटरचा. ज्या पत्र्याच्या भांड्यानं बापाचं आयुष्य खाल्लं ते काढून तिथं एका बाहेरच्या कंपनीनं आपोआप पाऊस मोजणारं यंत्र बसवलं होतं. अशी यंत्रं खानापूर, चंदगड, कणकुंबी सगळीकडं होती, आणि त्यांचे आकडे त्या कंपनीच्या बेंगळूरच्या सर्व्हरवर जमा व्हायचे. सूरजचं ऑफिस ते आकडे तिथून आणून धरणवाल्यांना आणि शेतकऱ्यांना तक्ते करून द्यायचं. आणायचं काम सूरजचं. त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी त्या सर्व्हरच्या दारात जायचा, आपल्याजवळची किल्ली दाखवायचा आणि एकेका यंत्राचं नाव घेऊन आकडे मागायचा. किल्ली म्हणजे पन्नासेक अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती बरोबर असली की दार उघडायचं. चुकीची असली किंवा मुदत संपलेली असली की सर्व्हर एका ओळीत उत्तर द्यायचा: परवानगी नाही. मग तिथं ओळख चालत नाही, गयावया चालत नाही, आणि आत आपल्याच घरचे आकडे आहेत हे सांगायचीही सोय नाही.

यंत्र आल्यावर मष्णूचं काम संपलं. पण कामानं माणूस सोडला तरी माणसानं काम सोडायला हवं ना! तो रोज साडेआठला टेकडीवर जातच राहिला. यंत्राच्या तोंडावरचं गाळण काढायचा, पाला झाडायचा, कोळ्याची जाळी पुसायचा आणि मग वही मिटल्यासारखे बोटांच्या पेरांनी यंत्रावर दोन ठोके द्यायचा. त्या यंत्राच्या पोटात एक दुतोंडी चमचा असतो. अर्धा मिलिमीटर पाणी भरलं की तो कलंडतो आणि एक नोंद होते. मष्णूच्या ठोक्यानंही तो कलंडायचा. म्हणजे डोक्यावर लख्ख आभाळ असताना जांबोटीच्या वाडीत रोज सकाळी साडेआठला एक मिलिमीटर पाऊस पडायचा.

हे पहिल्यांदा पाहिलं ते ऋतिका मॅडमनी. त्या सूरजच्या वरिष्ठ. "जानेवारीत हा कुठला पाऊस? आणि तोही घड्याळ लावून?" सूरजनं एकदा आकडे पाहिले आणि तो हसतच सुटला. त्यानं सगळं सांगितल्यावर मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "हसणं ठीक आहे, पण तक्त्यात खोटा पाऊस नको." सूरजनं नियम लिहिला: कोरड्या महिन्यांत त्या यंत्राची साडेआठची नोंद वगळावी.

त्या रविवारी तो गावी गेला तो बापाला समज द्यायलाच. टेकडीवर दोघं उभे राहिले.

"आप्पा, तुमी हितं ठोकताय न्हवं, त्यो तिकडं मला पाऊस दिसतोय."

"म्हंजे? मी हितं ठोकल्यालं तुला बेळगावात दिसतंय?"

"दिसतंय की. दहा मिनिटात दिसतंय."

मष्णूच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून सूरज समज द्यायचं विसरूनच गेला. वाडीत फोनची रेंज नव्हती. बोलायचं तर टेकडी चढायची, फोन आभाळाकडं धरायचा, आणि मष्णूला फोनवर बोलणं कधी जमलंच नाही. 'हां, बरं हाय, ठेवतो' एवढ्यात त्याचं संभाषण उरकायचं.

"मंग झालं की," तो म्हणाला. "दोन ठोकं दिसलं की समजायचं, आप्पा बरं हाय. फोनचा खर्चच न्हाय."

तक्त्यातून ते ठोके वगळले गेले, पण सूरजनं आपल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी करून घेतली. सकाळी पावणेनऊच्या आत तिथं दोन ठिपके उमटायचे. चहाचा कप हातात घेऊन तो ते ठिपके पाहायचा आणि मग कामाला लागायचा. अशी दोन वर्षं गेली. बापलेकांत इतकं नियमित बोलणं आधी कधीच झालं नव्हतं.

किल्लीची मुदत एक वर्षाची. मुदत संपत आल्याचं पत्र जानेवारीच्या मध्यावरच ईमेलनं आलं होतं. नवी किल्ली हवी तर ऑफिसच्या छापील कागदावर अर्ज, मॅडमची सही, शिक्का, हे सगळं स्कॅन करून पाठवायचं. सूरजनं त्या ईमेलवर चांदणीची खूण केली, म्हणजे 'उद्या करू'. मग उद्याचे वीस दिवस झाले. दोन दिवसांचं तर काम आहे, आणि या दिवसांत कोण पावसाचे आकडे मागतंय! आपण सगळेच असं करतो. आपल्यापैकी बहुतेकांना त्याची शिक्षा होत नाही एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मध्यरात्री किल्लीची मुदत संपली. बुधवारी सकाळी सूरज ऑफिसात आला तेव्हा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी दारात जाऊन हात हलवत परत येत होता. परवानगी नाही. परवानगी नाही. त्यानं कपाळावर हात मारला, घाईघाईनं अर्ज तयार केला, मॅडमची बोलणी खाल्ली, सही घेतली आणि अर्ज धाडून दिला. कोपऱ्यातली खिडकी रिकामी होती. किल्लीच नाही तर ठोके कुठून दिसणार, असं म्हणून त्यानं ती खिडकी बंद केली.

त्याच दिवशी निपाणीला त्याच्या बहिणीच्या, माधवीच्या मुलीचं बारसं होतं. जयाबाई बाळंतपणासाठी महिनाभर तिथंच होती. सूरजला रजा नव्हती, पण मष्णू जाणार होता. 'बुधवारी सकाळच्या गाडीनं जातो, गुरुवारी मागारी,' असं त्यानं शालूबाईला सांगून म्हशींचं दूध-वैरण तिच्याकडं सोपवलं होतं. म्हणून वाडीत कुणी त्याला शोधलं नाही. तो निपाणीत आहे असं वाडीला वाटत होतं.

संध्याकाळी जयाबाईचा फोन आला. "आरं सूरज, तुजं आप्पा आल्यालं न्हाईत. पाळना झाला, बायका जेवून गेल्या, मी दाराकडंच बघालोय."

"गाडी चुकली आसंल गं आई. तिकडं एक गाडी चुकली की दिवस गेला."

"वाडीत कुनाला तरी फोन लाव की."

"कुनाचाबी लागत न्हाय तिथं. माझी किल्लीची भानगड मिटूंदे, मी उद्या बघतो."

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला नवी किल्ली आली. सूरजनं जुनी ओळ खोडून नवी बसवली, प्रोग्रॅम चालू केला, आणि दार उघडलं. त्याला हायसं वाटलं. मग त्यानं मंगळवारच्या मध्यरात्रीपासूनचे राहिलेले सगळे आकडे एकदम मागवले. कणकुंबी शून्य. चंदगड शून्य. खानापूर शून्य. जांबोटी तेवीस मिलिमीटर.

त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. त्यानं ओळी उघडल्या.

बुधवार, साडेआठ. दोन ठोके. रोजचेच. बारशाला निघायच्या आधीही म्हातारा टेकडीवर गेला होता तर! सूरजला क्षणभर हसू आलं.

आठ चाळीस, सहा. आठ पन्नास, सात. नऊ वाजता, पाच. नंतर दोन-दोन ओळी सोडून दोन, तीन. अकरानंतर तासाभरात एखादा. बाराच्या उन्हात काहीच नाही. दीड वाजता तीन. मग पुन्हा खूप वेळ काही नाही. शेवटची नोंद चार वाजून चाळीस मिनिटांची. दोन ठोके. त्यानंतर बुधवारची संध्याकाळ, रात्र, गुरुवारची सकाळ, साडेआठ, आत्तापर्यंत, सगळी शून्यं.

सूरज खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. ऋतिका मॅडमनी विचारलं, काय झालं? त्यानं स्क्रीनकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "आप्पा बोलवालेत. कालपास्नं बोलवालेत."

मॅडमनी गाडी काढली. चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटी, तिथून आत कच्चा रस्ता. टेकडीवर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. चौथऱ्याच्या दोन पायऱ्यांपैकी वरची निखळली होती. मष्णू खाली कुशीवर पडला होता. बारशासाठी घातलेला नवा सदरा, डोक्याखाली घडी करून घेतलेला टॉवेल, आणि हातात काठी. काठीचं टोक यंत्राच्या लोखंडी खांबाला टेकलं होतं. खांबाचा हिरवा रंग हातभर उंचीवर टवके टवके होऊन उडाला होता. अंग केव्हाच गार पडलं होतं.

फोन घरी होता. निपाणीला न्यायच्या पिशवीत, नातीसाठी घेतलेल्या चांदीच्या वाळ्यांच्या जोडाशेजारी.

डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. उन्हात दिवसभर, पाण्याचा थेंब नाही. बुधवारी दुपारपर्यंत कुणी पोचलं असतं तर माणूस वाचला असता. डॉक्टर बिचारे सहज बोलून गेले. सूरजनं ते वाक्य पाठ असल्यासारखं ऐकून घेतलं. आईला त्यानं बारा दिवस सगळं सांगितलं नाही. तेराव्या दिवशी सांगितलं. मंगळवारच्या किल्लीचं, चांदणी केलेल्या पत्राचं, बंद केलेल्या खिडकीचं. जयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "त्येंला वाटलं आसंल, माजा पोरगा बघालाय. यील आता." हे ऐकण्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर सूरजला बरं वाटलं असतं. तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला.

ऑफिसला परतला तेव्हा फेब्रुवारीचा तक्ता त्याच्यासाठी थांबला होता. ऋतिका मॅडम म्हणाल्या, "तू राहू दे. जांबोटीचा तो दिवस मी बघते." सूरज नको म्हणाला. त्याचा नियम फक्त साडेआठची नोंद गाळायचा. बाकीचा पाऊस तक्त्यात तसाच बसला होता, बावीस मिलिमीटर, आणि तो हातानं काढावा लागणार होता. त्यानं एकेक ओळ पुन्हा वाचली. सहा. सात. पाच. त्या प्रत्येक आकड्यामागं काठी उचलणारा हात होता. तो पुसायचा म्हणजे बापाची हाक आपल्याच हातानं पुसायची. पण हा खोटा पाऊस तक्त्यात राहिला असता तर सगळ्यात आधी मष्णू गावडेच रागावला असता. सूरजनं डोळे पुसले आणि लिहिलं: जांबोटी, बुधवार, पाऊस शून्य.

ओळी मात्र त्यानं आपल्याजवळ ठेवल्या आहेत. किल्लीची मुदत संपायची तारीख आता तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने आधी लाल शाईनं लिहितो. ऑफिसातले नवे लोक त्याच्या या काटेकोरपणाची चेष्टा करतात, तो करू देतो.

तक्ता पुरा केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोपऱ्यातली ती खिडकी पुन्हा उघडली. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. चहा निवून गेला. किल्ली नवी होती, दार उघडं होतं, सगळे आकडे नीट येत होते. खिडकी रिकामी होती, आणि त्याला स्वतःला सांगायला आता दुसरं कुठलंच कारण उरलं नव्हतं.