बाईंचं मत

नवं कॉमिक हातात आलं की बाई आधी चित्रातल्या फुग्यांवर तळहात ठेवायच्या. फुगे म्हणजे पात्रांचं बोलणं ज्यात लिहिलेलं असतं ते. "थांब रे, आधी मुकं वाचू दे," म्हणायच्या आणि शब्द झाकत झाकत नुसत्या चित्रांवर अख्खं कॉमिक संपवायच्या. मग चहा. मग पुन्हा पहिल्या पानापासून, शब्दांसकट.

आमच्या वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत बाई आठवड्याच्या नव्या कॉमिक्सवर लिहीत. पुरवणीचं काम माझ्याकडे होतं. लालबागच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या गिरगावातल्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून एका वाडीत राहायच्या. दादरच्या दुकानातून नव्या कॉमिक्सचा गठ्ठा आला की मी तो घेऊन त्यांच्याकडे जायचो. खरं तर शिपायाकडून पाठवता आला असता, पण मला त्यांची मतं गरमगरम ऐकायची असायची.

"हा बघ. हा उडतोय, उडू दे बापडा. पण उडायच्या आधी जमिनीवर उभा होता, तेव्हा वजन कुठे होतं त्याचं? कॅलेंडरसारखा टांगलेला होता नुसता."

किंवा, "अख्खं शहर पाडलंय रे यांनी, आणि गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल जागच्या जागी!"

आमचे संपादक एकदा म्हणाले, "बाई, गोष्ट काय आहे तेही सांगत जा की लोकांना."

"गोष्ट लोक वाचतील," बाई म्हणाल्या. "बघायला त्यांना कोण शिकवणार? तुम्ही?"

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गावाकडच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताचे गुरुजी घ्यायचे, गणिताचाच. चित्र नुसतं पाहून पुढे जायचं नसतं, त्यात थांबायचं असतं, हे मी बाईंच्या त्या दीड खोलीत शिकलो. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या नजरेने आपण नंतर कितीतरी गोष्टी पाहत राहतो.

एका गणपतीत विसर्जनामुळे पुरवणी छपाईला लवकर सोडायची होती आणि गठ्ठा नेमका उशिरा आला. त्यात एक मराठी कॉमिक होतं. करी रोडच्या एका तरुणाने स्वतः काढून स्वतः छापलेलं, चाळीतल्या एका कुटुंबाच्या गोष्टीचा पहिला भाग. बाईंचं मुकं वाचन झालं आणि माझा फोन गेला, "बाई, पानं आत्ताच लावतोय." त्यांनी फोनवरच मजकूर सांगितला. त्या कॉमिकबद्दल म्हणाल्या, "चाळ सुरेख. जिना, मोरी, पंखा, सगळं ओळखीचं. पण माणसं? सगळ्यांना एकच चेहरा. या मुलाने आधी माणसांकडे बघायला शिकावं."

शनिवारी सकाळी छापून आलं. दुपारी बाईंचा फोन. आवाज ओळखू येईना.

"तू ते शब्द वाचलेस का रे?"

मी वाचले नव्हते. आता वाचले. ती गोष्ट त्या घरातली आजी सांगत होती. तिला आताशा माणसं ओळखू येत नाहीत. मुलगा, सून, शेजारीण, सगळे तिला सारखेच दिसतात. त्या तरुणाने घर आजीच्या डोळ्यांनी काढलं होतं.

"मी फुग्यांवरचा हात उचललाच नाही," बाई म्हणाल्या.

संपादक म्हणाले, मताला कसली दुरुस्ती? बाईंनी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी सदराच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं की मी शब्द न वाचता मत दिलं, मी चुकले, ते चेहरे तसेच असायला हवेत. पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. काही महिन्यांनी, तब्येत जरा बरी असताना, त्यांनी मला सोबत घेऊन करी रोड गाठलं.

चाळीच्या जागी टॉवर झालेला. वरच्या मजल्यावरच्या घरात त्या तरुणाची आजी खिडकीशी बसली होती. बाईंना पाहून तिने विचारलं, "कोणाचा चेडू गो तू?"

चेडू म्हणजे पोर. सत्तरीकडे झुकलेल्या बाई लाजल्या. "लालबागच्या मास्तरांचं," वडिलांची ओळख देत म्हणाल्या.

"बस मगे," आजी म्हणाली.

तो तरुण आतून धावत आला. एका जाहिरात कंपनीत काम करायचा. बाईंच्या पाया पडला आणि नुकताच छापून आलेला दुसरा भाग त्याने त्यांच्या हातात ठेवला.

"बघा बाई, आता सगळे वेगळे काढलेत. तुम्ही म्हणाला होतात ना!"

खरंच वेगळे होते. प्रत्येकाचं नाक वेगळं, कपाळ वेगळं. बाईंनी पानं उलटली आणि मिटली.

"अरे, मी पुढच्या आठवड्यात लिहिलं होतं. चुकले म्हणून."

"ते वाचलं मी, पुढे कधीतरी. पण तोवर निम्मी पानं झाली होती. आणि मला वाटलं, बाई मोठ्या मनाच्या, मला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं असणार." तो हसला. "हा कसा वाटतो तेवढं लिहा. मग तिसरा घेतो. आजी आहे तोवर संपवायचंय."

"वाचून लिहिते," बाई म्हणाल्या. "या वेळी नीट वाचून."

त्यांनी तो अंक किती वेळा वाचला असेल, सांगता येणार नाही. शनिवारमागून शनिवार गेले, इतर कॉमिक्सवर त्यांची मतं येत राहिली, यावर काही नाही. मी आठवण केली की म्हणायच्या, "खरं लिहिलं तर पोराने पुन्हा पुसायचं? आणि खोटं मला लिहिता येत नाही." गठ्ठा नेला की मात्र पहिला प्रश्न तोच, "करी रोडचं काही आलंय?"

मग त्या आजारी पडल्या. भायखळ्याच्या हॉस्पिटलात उशाशी तोच दुसरा भाग होता. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा चेहरा फार सुंदर काढलाय रे. पण त्याच्या आजीला तो असा दिसला नसता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिल्यासारखं काढ म्हणावं. तिसरा." मी म्हटलं, बऱ्या व्हा आणि तुम्हीच लिहा. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

बाई गेल्यावर शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तो तरुण शेवटच्या रांगेत होता. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आला.

"दुसऱ्या भागाबद्दल बाई कधी काही म्हणाल्या का?"

मी हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं, शब्द न शब्द.

तो म्हणाला, "एवढंच होतं? मला वाटलं, लिहिण्याच्याही लायकीचं नाही." बाहेर सभेच्या खुर्च्या एकमेकींत अडकवून रचत होते, त्या आवाजात पुढचं मला वाकून ऐकावं लागलं. "दर शनिवारी पेपर घेत होतो. आजी दिवाळीत गेली. आता तिसरा कुणाच्या डोळ्यांनी काढू?"