हुसेनबीखालांची शेवटची काडी

हुसेनबीखालांच्या अंजिराची काडी मीच उपटली. तेलाच्या डब्यात लावलेल्या त्या काडीला दोन पानं फुटली होती. खाली मुळंही आलीत का, हे बघायला मी ती जरा वर ओढली आणि ती आख्खी हातात आली.

खाला आमच्या शेजारी शाळेचे गणवेश शिवतात. होटगीला त्यांच्या माहेरच्या अंगणातलं अंजीर रस्त्यासाठी तोडलं, तेव्हा त्या पिशवीभर काड्या घेऊन सोलापूरला आल्या. त्या झाडाचं तेवढंच उरलं होतं. निम्म्या काड्या पाणी जास्त होऊन सडल्या. बाकीच्यांना, एक सोडून, पानं फुटली, खालांनी गल्लीभर सांगितलं, आणि आठवड्यात त्या सगळ्या काड्यांनी माना टाकल्या. काडी अंगातल्या ओलाव्यावरच पानं काढते, खाली मुळांचा पत्ता नसतो. राहिली ही एकच. तिला पानं आली तेव्हा खाला हसल्या नाहीत, उलट चिडल्या. "पानं दाखवून फसवती व्हय गं? लग्न ठरवून पळालेल्या नवऱ्यावानी," असं तिला रोज सुनावायच्या, आणि ऊन लागू नये म्हणून वर ओला दुपट्टाही धरायच्या. डब्याजवळ कुणी फिरकलेलं त्यांना चालत नसे.

आज मशीन थांबवून त्या बाहेर आल्या. माझ्या हातातली काडी त्यांनी बघितली, मग मातीत तुटून राहिलेले पांढरे तंतू बघितले.

मी म्हणालो, "खाला, मुळं फुटली का, एवढंच बघत होतो."

"फुटली होती की, तुमी बघेस्तोवर."