तिला ठाऊक नसलेला आकडा

माझ्या मुलानं बायकोचं बोट मोडलं ते तिचा लॅपटॉप उघडण्यासाठी. मी पोळ्या लाटत होते. वाळली काडी मोडावी तसा आवाज आला आणि मग ती ओरडली.

हिंगण्याच्या कारखान्यातली त्याची नोकरी सुटली होती. सुपरवायझरवर हात टाकला म्हणून काढलं होतं. सून मिहानमधल्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. घर तिच्या पगारावर चालतं हे त्याला खपत नव्हतं. तिच्या लॅपटॉपवरून तिच्याच नावानं राजीनामा पाठवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. तो ते लपवतही नव्हता. जेवताना म्हणायचा, "एक दिवस पाठवतो, पाह्य. मग बस भांडे घासत."

पहिल्यांदा त्यानं पासवर्ड काढून घेतला. तिचं डोकं चौकटीवर आपटलं तेव्हा तिनं सांगितला. शेजारी धावून आले म्हणून राजीनामा राहिला. मग तिनं पासवर्डनं उघडणं बंद केलं आणि बोट लावलं. बोट कुणी हिसकून नेणार नाही असं तिला वाटलं. त्यानं मनगट पिरगाळून तेच बोट लॅपटॉपवर दाबलं. तिनं मूठ आवळली, त्यानं बोट सरळ केलं, ते तुटलं. नख उपटून रक्त आलं, आणि ओलं बोट लॅपटॉपनं घेतलं नाही. तो लाथ मारून निघून गेला.

दवाखान्यात ती म्हणाली, दारात बोट सापडलं. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, "नवऱ्यानं मोडलं. तसंच लिहा."

घरी आल्यावर ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "आई, तुमचं बोट लावू का?"

"लाव."

मी एकेक बोट ठेवत गेले. लॅपटॉप एकही घेईना. राशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही. आयुष्यभर राखेनं भांडी घासली, बोटांवर रेघ उरली नाही.

"बोटं आहेत का साबणाच्या वड्या?" ती म्हणाली आणि हसली. ओठ फाटलेला होता, तो पुन्हा रक्ताळला.

मग म्हणाली चेहरा लावू. लॅपटॉपच्या डोळ्यासमोर बसवल्यावर मी पदर कपाळापर्यंत ओढला. सवयच ती.

"आई, तो काही पाहुणा नाही आला. पदर घ्या मागं."

मी मागं घेतला. तेवढ्यात तिनंच हात थांबवला. "नको. चेहरा तर तो केसाले धरून आणंल. माझा काय अन् तुमचा काय."

"मंग?"

"आता आकडा राहिला. पिन म्हणतात त्याले. पण मले ठाऊक असला तर मी सांगून देईन, आई. मार बसला की मी सांगतेच."

"मंग तुले ठाऊकच नको. मी टाकते. तू तिकडं तोंड कर."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिथूनच सांगत राहिली, "दोनदा टाका. दोन्ही वेळा तोच टाका."

"चौथी शिकली मी. येडी नाही."

तेव्हापासून सकाळी आकडा मी दाबायचे आणि ती काम करायची, उरलेल्या बोटांनी. फाटकाची कडी वाजली की झाकण बंद. मग पुन्हा मीच उघडायचे.

एक दिवस तो आला तेव्हा तिनं झाकण बंद केलं होतं. मी चुलीपाशी होते, तवा तापलेला होता. त्यानं कमरेचा पट्टा काढला.

"उघड."

"मले नाही येत. आकडा आईले ठाऊक आहे."

त्यानं दोन पट्टे ओढले. तिचं तेच उत्तर. खरंच होतं ते, म्हणून ते बदललं नाही. मग तो हसला. "आईनं टाकला का? मंग तं सोपं आहे. माझाच जन्म टाकला असंल."

आमच्याकडे एकुलता मुलगा असा वाढतो. आईच्या डोक्यात दुसरं काही असू शकतं हे त्याला सुचत नाही. त्यानं आपली जन्मतारीख दाबली. चुकली. उलटी करून दाबली. मग बापाच्या मरणाची, मग आपल्या लग्नाची. शेवटी लॅपटॉपनं आकडा घेणंच बंद केलं.

"काय टाकलं तू?"

"नाही सांगत."

"मी तुझा एकुलता एक पोरगा आहो!"

"म्हणून तं तुझा नाही टाकला."

त्यानं माझा गळा धरला आणि मला भिंतीला टेकवलं. कवळी खाली पडली. हात चाचपडत पोळी उलटायच्या लोखंडी सराट्यावर गेला. तो तव्यावरच होता. मी त्याच्या मनगटावर हाणला. तो सोडेना, पुन्हा हाणला. तेव्हा सोडलं. तिसऱ्यांदा मी त्यानं गळा सोडल्यावर हाणला, कानाजवळ. कातडी करपल्याचा वास आला. ज्याला मी न्हाऊ घातलं त्याचीच ती कातडी, हे ठाऊक असूनही हात थांबला नाही. सुनेनं पोलिसांना फोन केला. ह्या वेळी तिनं दाराचं नाव घेतलं नाही.

घर माझ्या नावावर आहे; पोलिसांकडून सुटून आल्यावर मी त्याला आत घेतलं नाही. तो आता मौद्याकडे कुठं कामाला आहे असं कानावर येतं. दोनदा फाटकाशी येऊन उभा राहिला. मी आतून कडी लावली.

प्लास्टर निघालं. बोट वाकडंच जुळलं. एका सकाळी ती म्हणाली, "आई, आता मी माझा आकडा टाकते. माझ्यापाशीच राहू द्या."

"त्यानं मारलं तं?"

"तरी नाही सांगत आता."

मी शेवटचं उघडून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिनं दोनदा दाबल्याचा आवाज ऐकला. मग मी कणीक भिजवायला उठले.